श्री विष्णुबुवा ब्रह्मचारी : संक्षिप्त चरित्र

श्रींच्या दर्शनार्थ येणाऱ्या भाविकांच्या हाती देण्यात येणाऱ्या या माहितीपुस्तिकेत स्थानमाहात्म्य, नित्योपचार व उत्सवांचे वेळापत्रक यांबरोबरच एखाद्या सत्पुरुषाचे चरित्र देण्याचा आमच्या संस्थानचा प्रघात आहे. या वेळी ज्यांचे चरित्र सादर करीत आहोत, त्यांच्या नावे मोठे देवस्थान नाही, त्यांच्या पालख्या निघत नाहीत आणि त्यांच्या चमत्कारांच्या कथाही फारशा प्रचलित नाहीत. तरीही मराठी मुलखात हिंदू धर्माविषयी सामान्य माणसाच्या मनात उठलेल्या शंकांना भर सभेत, भर समुद्रकिनारी आणि साध्या मराठीत उत्तरे देणारे जे थोडे पुरुष होऊन गेले, त्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

विष्णुबुवांचे मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. त्यांचा जन्म २० जुलै १८२५ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजेच आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगावजवळच्या शिरवली या गावी झाला. पेशवाई जाऊन अवघी सात वर्षे लोटली होती. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने घरची स्थिती ओढगस्तीची झाली आणि शास्त्राध्ययनाची संधी या मुलास लाभली नाही. महाड येथे एका किराणा दुकानात त्याने काही काळ काम केले. पुढे इंग्रज सरकारच्या जकात खात्यात नोकरी लागली व त्या निमित्ताने वसई, उरण, कल्याण, भिवंडी अशी कोकणपट्टीतील बंदरे व बाजारपेठा त्यांनी पाहिल्या. ज्या पुरुषाने पुढे विद्वानांशी व परदेशी धर्मोपदेशकांशी वाद केला, त्याचे शिक्षण पाठशाळेत नव्हे तर दुकानाच्या गल्ल्यावर आणि जकातीच्या नाक्यावर झाले, ही गोष्ट भाविकांनी लक्षात घ्यावी. त्यांच्या बोलण्यातील रोखठोकपणाचे मूळ तेथेच असावे, असे आम्हांस वाटते.

नोकरी करीत असतानाच ईश्वर, जीव व जगत् यांविषयीचे प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होते. जो साधू, बैरागी अथवा शास्त्री भेटे, त्यास ते आपल्या शंका विचारीत. काहींनी मंत्र दिला, काहींनी दक्षिणा मागितली, काहींनी लहान तोंडी मोठा घास घेऊ नये असे सुनावले. समाधान मात्र कोणीच केले नाही. विष्णुबुवांनी पुढे ख्रिस्ती धर्माची जी परीक्षा केली, तीच परीक्षा त्यांनी प्रथम आपल्या घरच्या गुरूंची केली होती. अखेर विशी ओलांडल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि नाशिक जिल्ह्यातील वणीजवळच्या सप्तशृंगी देवीच्या डोंगरात जाऊन तपाचरण आरंभिले. कंदमुळांवर राहून केलेल्या या एकांतसाधनेत आपणास ज्ञान झाले व लोकांस वेदोक्त धर्माचा उपदेश करण्याची ईश्वरी आज्ञा झाली, अशी त्यांची श्रद्धा होती. गडावरून खाली उतरले ते विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणूनच. पंढरपूर, सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा, पुणे, नगर अशा गावी व्याख्याने देत ते १८५६ च्या सुमारास मुंबईस आले. त्याच वर्षी त्यांचा 'भावार्थसिंधु' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या वेळच्या मुंबईची धार्मिक स्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एरवी पुढील वादाचे मोल ध्यानी येणार नाही. १८१३ पासून अमेरिकन मिशनचे उपदेशक मुंबईत होते. १८२९ मध्ये स्कॉटलंडहून डॉ. जॉन विल्सन आले. त्यांनी मराठी व संस्कृत शिकून हिंदू शास्त्र्यांस जाहीर वादाचे आव्हान दिले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी त्यांच्याशी वाद करून 'श्रीहिंदुधर्मस्थापना' ही पुस्तिका लिहिली. विल्सन यांनी लगोलग तिचे खंडन छापले. मिशनच्या शाळांमधून इंग्रजी विद्या उत्तम मिळे, म्हणून भल्या घरची मुले तेथे जात आणि त्यांतील एखादा मुलगा बाप्तिस्मा घेई, तेव्हा सारे शहर हादरून जाई. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाच्या निकालाने आईबापांकडे परत आला, परंतु त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर मोठे रण माजले. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्या मुलाची बाजू घेतली, तर त्यांनाच कर्मठांचा रोष पत्करावा लागला. जाण्याची वाट मोकळी आणि परतीचे दार बंद, अशी ही विलक्षण अवस्था होती.

आणखी एक उदाहरण येथे देतो, कारण त्याशिवाय वादाच्या धोक्याची कल्पना येत नाही. विष्णुबुवांच्याच जन्मवर्षी, १८२५ मध्ये, त्यांच्याच कोकणस्थ ज्ञातीत नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म झाला. काशीत वाढलेले हे व्युत्पन्न पंडित मिशनऱ्यांचे खंडन करण्याच्या हेतूनेच त्यांच्याकडे जाऊ लागले. ख्रिस्ती मताविरुद्ध 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथही त्यांनी लिहिला. परंतु वाद करता करता त्यांच्याच मनात शंकांनी घर केले आणि १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते नेहेम्या गोरे या नावाने ख्यात झाले. एवढा विद्वान पुरुष तिकडे गेला, तर आपण कोण, असा प्रश्न त्या काळी अनेक घरांतून विचारला गेला असल्यास नवल नाही. तात्पर्य, वाद म्हणजे केवळ करमणूक नव्हती. वादात उतरणाऱ्याने स्वतःची श्रद्धाही पणास लावलेली असे.

अशा वेळी विष्णुबुवा मुंबईत व्याख्याने देऊ लागले. ते संस्कृत पंडित नव्हते व इंग्रजीही जाणत नव्हते. श्रोत्यांस मात्र त्यांनी एक मुभा दिली होती : ज्यास शंका असेल त्याने उभे राहून ती विचारावी. मिशनरी मंडळींनी ही संधी घेतली आणि १५ जानेवारी १८५७ पासून मुंबईच्या समुद्रकिनारी, संध्याकाळच्या वेळी, दर गुरुवारी जाहीर वादविवाद होऊ लागला. हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्व धर्मांचे लोक वाळूत बसून तो ऐकत. २८ मे पर्यंत, म्हणजे साडेचार महिने, हा क्रम चालला.

ख्रिस्ती पक्षाकडून प्रमुख होते रेव्हरंड जॉर्ज बोवेन. या गृहस्थांविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण प्रतिपक्षाचे गुण झाकून आपल्या सत्पुरुषाची थोरवी वाढत नसते. बोवेन यांचा जन्म १८१६ मध्ये अमेरिकेतील व्हर्मांट प्रांती झाला. तरुणपणी ते स्वतः नास्तिक मताचे होते. ज्या मुलीशी त्यांचा विवाह ठरला होता ती अकाली वारली. मृत्यूपूर्वी तिने त्यांच्यासाठी ठेवलेले बायबल वाचता वाचता त्यांचे मन पालटले. १८४८ मध्ये ते मुंबईस आले. पुढच्याच वर्षी त्यांनी मिशनचे वेतन नाकारले व गोरगरिबांच्या वस्तीत लहानशा खोलीत राहून, अगदी थोडक्यात गुजराण करून ते धर्मोपदेश करू लागले. आमरण ते अविवाहित राहिले. म्हणजे त्या किनाऱ्यावर समोरासमोर उभे राहिलेले दोघेही ब्रह्मचारी, दोघेही निर्लोभी आणि दोघेही शंकेच्या वाटेनेच श्रद्धेपर्यंत आलेले होते. एकाचे वय एकतीस, दुसऱ्याचे चाळीस. असा योग क्वचितच जुळून येतो.

विष्णुबुवांच्या ख्रिस्ती मतावरील प्रश्नांचा रोख समजण्यास कठीण नाही. ईश्वर सर्वज्ञ असेल, तर आपण निर्माण केलेला पहिला मनुष्य आज्ञा मोडील हे त्यास आधी कळले नव्हते काय? कळले असल्यास त्या अपराधाची शिक्षा त्याच्या सर्व वंशजांस का? एकाचे पाप दुसऱ्याच्या मरणाने कसे फिटावे? लोकव्यवहारातही एकाच्या अपराधाबद्दल दुसऱ्यास फाशी देणाऱ्या न्यायाधीशास आपण न्यायी म्हणत नाही. येशू ख्रिस्तावाचून तरणोपाय नसेल, तर त्याच्या जन्मापूर्वी होऊन गेलेल्या, अथवा त्याचे नावही ज्यांच्या कानी पडले नाही अशा कोट्यवधी जीवांची वाट काय? परमेश्वर एक म्हणावयाचे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे तिघे मानावयाचे, मग हिंदूंच्या त्रिमूर्तीस हसावयाचे, हे कोणत्या तर्कात बसते? चमत्कार हेच प्रमाण मानावयाचे तर चमत्कार सर्वच धर्मांच्या ग्रंथांत आहेत. एकाचे खरे आणि दुसऱ्याचे खोटे हे कोणी ठरवावे?

ख्रिस्ती पक्षाकडे उत्तरे नव्हती असे मात्र समजू नये. ईश्वर न्यायी आहे तसाच दयाळूही आहे. पापास शिक्षा न करावी तर न्याय बुडतो आणि करावी तर मनुष्य बुडतो, म्हणून त्याने ती शिक्षा प्रेमाने स्वतःवर ओढवून घेतली, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन आहे. त्रैक्याचे गूढ मानवी बुद्धीच्या मापात मावणारे नाही, असे ते म्हणत. उलट बाजूने त्यांचे आक्षेपही तीक्ष्ण असत. सर्व काही ब्रह्मच असेल तर चोरी करणारा कोण आणि शिक्षा भोगणारा कोण? श्रीकृष्णाच्या लीला आदर्श मानाव्या काय? हाताने घडविलेल्या मूर्तीस देव का म्हणावे? विष्णुबुवा अद्वैती होते. एकच चैतन्य सर्वत्र आहे, भेद अज्ञानामुळे भासतो, आणि अज्ञान असेतो कर्माचे फळ चुकत नाही, या भूमिकेवरून ते उत्तर देत. उपासनेचे साधन आणि उपास्य यांतील भेद ते समजावून सांगत.

संस्थानच्या कार्यालयात अभिषेकाची पावती घेताना आजही एखादा महाविद्यालयीन तरुण मूर्तीत देव कसा असतो, असे हळूच विचारतो आणि बरोबरची वडीलधारी मंडळी त्यास डोळ्यांनी दटावतात. विष्णुबुवांनी अशा मुलास पुढे बोलावून बसवून घेतले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

या वादात जिंकले कोण? बोवेन यांनी सभांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. विष्णुबुवांच्या बाजूचा वृत्तांत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने मराठीत १८७२ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात, निघाला. दोन्ही पुस्तकांत आपापल्या पक्षाचे पारडे जड असणे स्वाभाविक आहे. वादामुळे बोवेन हिंदू झाले नाहीत की विष्णुबुवा ख्रिस्ती झाले नाहीत. बदल झाला तो ऐकणाऱ्यांत. मिशनऱ्यांचे व्याख्यान निमूटपणे ऐकावे किंवा चिडून दगड मारावे, एवढेच दोन मार्ग ज्यांना ठाऊक होते, त्यांनी आपल्यासारखाच एक माणूस आपल्याच भाषेत प्रश्नास प्रश्न घालतो आहे, हे पाहिले. उत्तर हिंदुस्थानात १० मे रोजी मीरत येथे उठावास तोंड फुटले होते. धर्म बुडविला जात आहे ही भावनाही त्या उठावामागे होती. अशा काळात मोठ्या जमावापुढे धर्मचर्चा चालणे नाजूकच होते; २८ मे नंतर या सभा झाल्या नाहीत. दिल्ली-मीरतेकडे धर्माच्या नावाने रक्त सांडत असता मुंबईच्या वाळूत त्याच महिन्यात त्याच विषयावर शब्दांनी लढाई चालली होती आणि तीत कोणाचा जीव गेला नाही.

परंतु विष्णुबुवांच्या चरित्राचा इतकाच भाग सांगणे म्हणजे अर्धे चरित्र सांगणे होय. परधर्मीयांचे खंडन करणारा पुरुष म्हणून ज्यांनी त्यांचा जयजयकार केला, त्यांतील पुष्कळांना त्यांचे पुढील विचार रुचले नाहीत. मिशनऱ्यांच्या आक्षेपांपैकी काही आक्षेप तत्त्वज्ञानाचे नव्हते, आमच्या वागणुकीचे होते. विधवांचे हाल, बालविवाह, जन्मावरून ठरणारा उच्चनीचभाव, शूद्रातिशूद्रांस विद्येचे दार बंद. याच १८५७ साली, तीन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहून हिंदू विधवांची स्थिती मांडली. तीस केवळ परधर्मीयाची निंदा म्हणून बाजूस सारता येण्याजोगे नव्हते.

विष्णुबुवांनी ते तसे बाजूस सारलेही नाही. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वेदोक्तधर्मप्रकाश' या त्यांच्या मुख्य ग्रंथात ख्रिस्ती मताचे खंडन आहे, त्याचप्रमाणे स्वजनांस दिलेला कठोर उपदेशही आहे. वर्ण हा जन्मावर नसून गुणकर्मावर आहे असे त्यांचे मत होते. पुनर्विवाहास त्यांनी मान्यता दिली. वधूवरांनी जाणत्या वयात परस्परसंमतीने विवाह करावा, स्त्रियांनी शिकावे, असे सांगितले. परधर्मात गेलेल्यास परत यावयाचे असेल तर त्यास घ्यावे, हा विचारही त्यांनी मांडला. श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणात ज्या दाराशी बाळशास्त्री एकटे उभे होते, तेच हे दार. विष्णुबुवांचे सर्वच प्रतिपादन आज स्वीकारता येईल असे नाही. आगगाडी, तारायंत्र आदी नव्या विद्या वेदांत पूर्वीच होत्या, असे दाखविण्याचा त्यांचा प्रयत्न आज पटणारा नाही, आणि प्रतिपक्षाच्या ग्रंथास आपण जी कसोटी लावतो ती येथे त्यांच्याकडून सुटली असे म्हणणे भाग आहे. परंतु सामाजिक विषयांत त्यांनी जी कसोटी दुसऱ्यास लावली तीच स्वतःच्या घरास लावली, आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा विरोध सोसला.

१८६७ मध्ये त्यांनी 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. सर्व प्रजा म्हणजे एक कुटुंब. जमीन सर्वांची मिळून एक. सर्वांनी मिळून कसावी, पीक गावच्या कोठारात भरावे आणि ज्यास जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे. वस्त्रप्रावरणांचीही तीच व्यवस्था असावी. पाच वर्षांनंतर मुलांचे पालन व शिक्षण राज्याने करावे, अशी त्यातील योजना आहे. कार्ल मार्क्सच्या 'कॅपिटल' ग्रंथाचा पहिला खंड याच वर्षी जर्मनीत प्रसिद्ध झाला. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसणार. विष्णुबुवांच्या विचाराचे मूळ सर्वांभूती एकच आत्मा या वेदान्तवचनात आहे. अद्वैत खरे असेल तर ते अन्नाच्या कोठारापर्यंत पोहोचले पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सर्व ब्रह्म असेल तर पापी कोण, या किनाऱ्यावरील आक्षेपास त्यांनी शोधलेले हेही एक उत्तरच होते, असे आमचे मत आहे. या निबंधाचा इंग्रजी अनुवाद कॅप्टन फेल्प्स नामक इंग्रज अधिकाऱ्याने केला व तो १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. खुद्द मराठी वाचकांनी मात्र त्या वेळी या पुस्तकाकडे एका विक्षिप्त साधूची कल्पना म्हणूनच पाहिले.

'चतुःश्लोकी भागवत याचा अर्थ', 'सहजस्थितीचा निबंध' हे त्यांचे अन्य लेखन होय. त्यांनी मठ स्थापिला नाही व संपत्ती साठविली नाही. १८ फेब्रुवारी १८७१ रोजी, महाशिवरात्रीच्या सुमारास, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांचे प्रतिवादी बोवेन हे त्यानंतर सतरा वर्षे मुंबईतच राहिले आणि १८८८ मध्ये तेथेच निवर्तले. नीळकंठशास्त्री गोरे यांनीही १८९५ मध्ये मुंबईतच देह ठेवला. या तिघांनीही आपले शेवटचे प्रश्न त्या एकाच शहरात सोडले.

आमच्या येथून पुढे नाशिक, वणीकडे जाणारे भाविक पुष्कळ असतात. सप्तशृंगी गडावर देवीचे दर्शन झाल्यावर सभोवतीच्या कड्यांकडे अवश्य पाहावे. जकात खात्यातील एक तरुण कारकून आपल्या शंकांचे गाठोडे घेऊन एकटाच याच डोंगरात येऊन राहिला होता.